वेचणीच्या हिशेबात साइडकिक : दसरा ते होळी, पाच महिन्यांचा अनुभव

संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या छपरीत काटा लटकतो. दिवसभर वेचलेल्या कापसाची गाठोडी घेऊन बाया ओळीनं बसतात. एकेकीचं वजन होतं आणि मी आकडा कॉम्प्युटरात टाकत जातो. आठ-दहा गाठोडी होत नाहीत तोच कुणीतरी विचारतंच, "भाऊ, माहे बाजाराच्या दिवसापासूनचे किती झाले ना?" मी कंट्रोल आणि ऑल्ट ही दोन बटणं सोबत दाबतो. नोंदीचा फॉर्म जिथल्या तिथे राहतो आणि त्याच्यावर एक लहानशी चौकट उघडते. तिच्यात मी हिशेब करून सांगतो, एस्केप दाबतो, चौकट जाते आणि खाली कर्सर त्याच रकान्यात लुकलुकत असतो. पुढचं गाठोडं काट्यावर चढलेलं असतं.

ही चौकट म्हणजे साइडकिक. बोरलँड कंपनीचा १९८४ सालचा प्रोग्रॅम. २०२४ च्या दसऱ्यापासून २०२५ च्या होळीपर्यंत मी तो रोज वापरला. त्याचं बरंवाईट सगळं सांगतो, कारण मराठीत याबद्दल नीट लिहिलेलं मला कुठं सापडलं नाही आणि जुनी यंत्रं जपणारे आपल्याकडे बरेच आहेत.

यंत्राबद्दल आधी थोडं. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात आमची नऊ एकर शेती आहे. १९८९ पासून सात वर्षं मी एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, ऑफिसात नोंदी करायच्या कामावर होतो. तिथला पीसी-एक्सटी जातीचा कॉम्प्युटर भंगारात निघाला तेव्हा मी तो मागून घेतला, सोबत फ्लॉपींचा डबा आणि पुस्तकंही. पुष्कळ वर्षं तो माळ्यावर होता. २०२४ च्या पावसाळ्यात भाचा नागपूरहून आला तेव्हा आम्ही दोघांनी तो उघडला. हार्ड डिस्क गेली होती. तिच्या जागी त्यानं एक्सटी-आयडीई कार्ड टाकलं आणि त्यावर कॅमेऱ्यात असायचं तसं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवलं. बाकी सगळं मूळचं: ८०८८ प्रोसेसर, ६४० केबी मेमरी, हिरव्या अक्षरांचा पडदा, आणि यंत्र चालवणारी मूळ प्रणाली डॉस ३.३. वेचणीच्या हिशेबाचा प्रोग्रॅम मी त्याच काळात डीबेस थ्री प्लस या नोंदी ठेवायच्या प्रोग्रॅममध्ये लिहिला होता, तो अजून चालतो. सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा झाली, पहिला वेचा सुरू झाला आणि यंत्र छपरीत मांडलं.

आता साइडकिक करतो काय ते. डॉस हा एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवणारा. डीबेसमध्ये आहात आणि काही टिपून ठेवायचं आहे, तर डीबेस बंद करा, मजकूर लिहायचा वर्डस्टार उघडा, टिपा, वर्डस्टार बंद करा, पुन्हा डीबेस उघडा, फाइल लावा, इंडेक्स लावा. माझ्या यंत्रावर यात दोन-तीन मिनिटं जातात आणि तोवर समोरचं माणूस ताटकळतं. साइडकिक सकाळी एकदा सुरू करायचा. तो सुरू होतो, लगेच संपल्यासारखा दिसतो आणि डॉसचा प्रॉम्प्ट परत येतो. पण गेलेला नसतो. संपताना प्रोग्रॅमनं आपली जागा डॉसला परत द्यायची अशी रीत आहे. साइडकिक डॉसला सांगतो की मी थांबतो, पण माझी जागा कुणाला देऊ नको. या जातीच्या प्रोग्रॅमांना टर्मिनेट अँड स्टे रेसिडेंट म्हणतात, थोडक्यात टीएसआर. ही सोय डॉसनंच ठेवलेली आहे. एकीकडे छपाई चालू ठेवून दुसरीकडे काम करू देणारं डॉस २.० मधलं प्रिंटसुद्धा असंच मेमरीत बसून राहायचं.

बसून राहिलेला हा प्रोग्रॅम बटणं कशी ओळखतो, हे मला त्या काळी कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकं चाळून हळूहळू कळलं. बटण दाबलं की कीबोर्ड प्रोसेसरला हाक मारतो, या हाकेला इंटरप्ट म्हणतात आणि तिचा क्रमांक ९. हाक आली की कुठं जायचं तो पत्ता मेमरीत अगदी सुरुवातीला लिहिलेला असतो. साइडकिक तिथला जुना पत्ता आपल्याजवळ ठेवतो आणि त्याजागी स्वतःचा लिहितो. मग वेशीवरच्या कोतवालासारखं प्रत्येक बटण आधी त्याच्यासमोरून जातं. कंट्रोल-ऑल्टची जोडी असेल तर तो उठतो, नसेल तर बटण मूळ पत्त्यावर सोडून देतो. उठताना पडद्यावर जे आहे ते जपून ठेवतो. ८० रकाने, २५ ओळी, प्रत्येक जागेला एक बाइट अक्षराचा आणि एक रंगरूपाचा, म्हणजे पूर्ण पडदा ४००० बाइटांचा. जाताना तेवढं परत मांडतो. म्हणून खालचा फॉर्म जसाच्या तसा दिसतो.

माझ्या हंगामात त्याचा कॅल्क्युलेटर सगळ्यात जास्त चालला. आमच्याकडे त्या हंगामात वेचणी किलोला नऊ रुपये होती. एका मावशींची नात चौथीत आहे. मावशींची वही तिच्या हातात असते आणि ती मोठ्यानं वाचते: साडेतेवीस, सत्तावीस, साडेएकोणीस, एकतीस. मी चौकटीत टाकत जातो. १०१ किलो. गुणिले ९, ९०९ रुपये. बाजाराच्या दिवशी ५०० उचल घेतलेली, राहिले ४०९. पोरीनं तोवर बोटांवर आणि जमिनीवर कोळशानं मांडून काढलेलं असतं. तिचं आणि माझं जुळलं की मावशी मान हलवतात. डीबेसमध्ये हे आकडे आहेतच, रात्री मी रिपोर्ट काढून पुन्हा ताडून पाहतो. पण बाईच्या वहीतले आकडे तिच्यादेखत, तिच्या पोरीच्या तोंडून ऐकून मांडले की तिचा भरवसा बसतो. साध्या कॅल्क्युलेटरनंही हे झालं असतं असं कुणी म्हणेल. मी दोन वर्षं तसं केलं आहे. काट्याकडे नजर, एका हातात कॅल्क्युलेटर, दुसरा कीबोर्डवर, यात रकाना चुकायचा. हात आणि नजर एकाच जागी राहिली की चुका कमी होतात. हा फरक मला पहिल्याच आठवड्यात जाणवला.

कॅल्क्युलेटरच्या खालोखाल नोटपॅड. नावाप्रमाणेच टिपणवही आहे, पण तिच्या आज्ञा वर्डस्टारच्या वळणाच्या आहेत. ज्यांनी कंट्रोल-के-बी आणि कंट्रोल-के-के करून मजकूर उचलला आहे त्यांची बोटं आपोआप चालतात. तळाशी एका ओळीत बटणं लिहिलेली असतात, त्यात एफ-२ म्हणजे सेव्ह आणि एफ-४ म्हणजे आयात. या एफ-४ बद्दल मला मनापासून सांगायचं आहे. तो दाबला की चौकट बाजूला होते, खालचा पडदा दिसतो आणि त्याच पडद्यावर आपण कर्सर फिरवून हवा तो तुकडा उचलू शकतो. खाली डीबेस असो, आकड्यांचे तक्ते मांडायचा लोटस असो, काहीही असो. पडद्यावर अक्षरं आहेत ना, मग ती तुमची. मी दर शनिवारी डीबेसची उचलीची यादी पडद्यावर आणतो, नावं आणि रकमा उचलून नोटपॅडमध्ये घेतो आणि त्यापुढे हातानं लिहितो: या वयनींना पोराच्या फीसाठी सोमवारी द्यायचे, त्या मावशींचे पुढच्या आठवड्यात कापायचे नाहीत, घरी दुखणं आहे. डेटाबेसात या गोष्टींना रकाना नसतो, आणि मजुरीचा व्यवहार तर अशाच गोष्टींवर चालतो. पाच महिन्यांची ही टिपणं माझ्याजवळ आहेत. हिशेबापेक्षा मी तीच जास्त वेळा उघडतो.

आता त्रासाचं सांगतो. नोव्हेंबरात बायांनी म्हटलं की पावतीवर आमचं नाव मराठीत का नाही. माझ्या प्रोग्रॅमात नावं इंग्रजी अक्षरांत आहेत, डीबेसला दुसरं काही येत नाही. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड लावलं की डॉसच्या चालू प्रोग्रॅमांतसुद्धा देवनागरी उमटायची, पण ते कार्ड आमच्या जिनिंगमध्ये कधी आलं नाही. डब्यात मात्र देवनागरी छपाईचा एक छोटा प्रोग्रॅम सापडला. तोही मेमरीत बसणारा. मी साइडकिक सुरू केल्यावर तो सुरू केला. दोन दिवस नीट चाललं. तिसऱ्या दिवशी भर मापाच्या वेळी कंट्रोल-ऑल्ट दाबलं आणि पडदा थिजला. कुठलंच बटण लागेना. बाया उभ्या, काट्यावर गाठोडं, आणि यंत्र बंद करून सुरू करण्याशिवाय इलाज नाही. डीबेसनं डिस्कवर न उतरवलेल्या त्या संध्याकाळच्या अकरा नोंदी गेल्या. वह्या होत्या म्हणून त्या परत भरता आल्या. एकीची वही घरी राहिली होती, तिच्या आकड्यासाठी आम्ही तिच्या शब्दावर गेलो.

दोष माझ्या क्रमाचा होता. वेशीवर एकच कोतवाल असेल तर प्रश्न नाही. दुसरा आला की तोही पहिल्याचा पत्ता आपल्याजवळ ठेवून स्वतःचा लिहितो, अशी साखळी होते. साइडकिकला मात्र वेशीवर सगळ्यात पुढची जागा लागते. पीसीचं घड्याळ सेकंदाला साधारण १८.२ ठोके देतं. त्या ठोक्यांवर तो आपला पत्ता जागेवर आहे का ते पाहतो आणि नसेल तर परत लिहितो. मागून आलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमला हे माहीत नसतं. दोघं एकमेकांकडे बटण ढकलत राहतात आणि यंत्र अडकतं. म्हणून हा नियम लिहून ठेवा: मेमरीत बसणारं जे काही असेल ते आधी, साइडकिक सगळ्यात शेवटी. यंत्र सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलची माझी शेवटची ओळ आता तीच आहे. तरीही मी देवनागरी छपाई आणि साइडकिक सोबत ठेवत नाही. रविवारी पावत्या काढायच्या असल्या की यंत्र नव्यानं सुरू करतो, साइडकिकशिवाय, आणि नुसती छपाई करतो. बायांच्या हातात आता मराठी नावाची पावती जाते. त्यासाठी दर रविवारची ही उठाठेव मला मंजूर आहे.

दुसरी काळजी डिस्कची. डॉस एकाचं काम अर्धवट असताना दुसऱ्याचं घेऊ शकत नाही. काट्यावर एक गाठोडं असताना वर दुसरं टाकलं तर दोघांचंही वजन हातचं जातं, तसंच हे. चांगले टीएसआर डॉस मोकळा आहे का ते आधी पाहतात. तरी डीबेस इंडेक्स बांधत असताना, डिस्कचा दिवा पेटलेला असताना मी कंट्रोल-ऑल्टला हात लावत नाही. आणि नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहिल्या की एफ-२. ही सवय लाइन जाण्यामुळे लागली, यंत्रामुळे नाही. रब्बीच्या ओलिताच्या दिवसांत आमच्याकडे संध्याकाळची लाइन कधी जाईल सांगता येत नाही. इन्व्हर्टर आहे, पण तो पदरात घेईपर्यंतचा झटका या जुन्या यंत्राला कधी सोसतो, कधी नाही.

लाइन गेल्यावर आणखी एक गोष्ट होते, जी नव्या माणसाला सांगावीच लागते. एक्सटीमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. यंत्र सुरू झालं की त्याच्या लेखी मंगळवार, १ जानेवारी १९८० असतो. दरवेळी तारीख आणि वेळ आपण टाकायची. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी घाईत मी दोनदा एंटर मारून पुढे गेलो आणि चौदा बायांची वेचणी १९८० सालात नोंदली गेली. माझा प्रोग्रॅम तारीख यंत्राकडूनच घेतो. लक्षात कधी आलं, तर मध्येच कुणाच्या तरी लग्नाची तारीख टिपायला साइडकिकचं कॅलेंडर उघडलं तेव्हा. समोर जानेवारी १९८० चं पान. त्या दिवसापासून माप सुरू करण्याआधी मी एकदा कॅलेंडर उघडतो. त्याचा खरा उपयोग मला एवढाच झाला, आणि तो मोठा आहे. तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा हवा असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये इंग्लंडचा कोड ०४४ टाका, नाहीतर अमेरिकन रीतीनं महिना आधी येतो आणि १२ तारखेपर्यंत सगळा गोंधळ. डीबेसमध्ये सेट सेंच्युरी ऑन ठेवा, म्हणजे वर्ष चारही आकड्यांत दिसतं.

मेमरीचा हिशेब मात्र कडक आहे. ६४० केबीत डॉस बसणार, साइडकिक बसणार आणि उरलेल्यात डीबेस. माझ्या यंत्रावर साइडकिक साठ केबीहून थोडी जास्त जागा घेतो. चेकडिस्क ही आज्ञा शेवटच्या दोन ओळींत एकूण मेमरी आणि मोकळी मेमरी दाखवते. साइडकिकच्या आधी एकदा आणि नंतर एकदा चालवायची आणि वजाबाकी करायची. डीबेसला पुरतं. पण लोटस १-२-३ मध्ये मी गेल्या काही वर्षांच्या भावांचा मोठा तक्ता ठेवला आहे, त्यात शेवटच्या ओळींना मेमरी संपल्याचा निरोप येऊ लागला. नोटपॅडचा आकार सेटिंगमधून लहान केला, तेव्हा तक्ता पुरा मावला. पॅकेजात काही भाग वगळलेल्या लहान आवृत्त्याही मिळतात, त्या पाहून घ्याव्यात. १९९१ च्या डॉस ५ नं असे प्रोग्रॅम ६४० केबीच्या वर चढवायची सोय केली. ती ३८६ वाल्यांच्या खरी कामाची, आमच्या ८०८८ ला तिचा उपयोग नाही.

चेकडिस्कची ही सवय मला जिनिंगच्या दिवसांपासून आहे. १९९० च्या आसपास कुणाच्या तरी फ्लॉपीतून जेरुसलेम व्हायरस आमच्या यंत्रात आला होता. तोही टीएसआरच. याच रीतीनं मेमरीत बसायचा, जो प्रोग्रॅम चालवाल त्याला चिकटायचा, कॉम जातीची प्रोग्रॅम फाइल बरोबर १८१३ बाइटांनी फुगवायचा आणि १३ तारखेला शुक्रवार आला की चालवलेला प्रोग्रॅम पुसून टाकायचा. तेव्हा आमच्याकडे अँटिव्हायरस नव्हता. रोज सकाळचा मोकळ्या मेमरीचा आकडा मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहायचो. एका दिवशी तो दोन केबीच्या आसपास कमी दिसला, म्हणून शंका आली आणि तेरा तारखेच्या आत मूळ फ्लॉपीवरून सगळं नव्यानं टाकता आलं. जी युक्ती माझी रोजची सोय आहे तिनंच कुणी घर फोडतो, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. अजूनही सकाळी आकडा लिहितो.

साइडकिकचा डायलर, म्हणजे कॉम्प्युटरातून फोन लावणारा भाग, आम्हाला लागला नाही. त्याला मॉडेम आणि फोनची तार हवी, आणि घरात आता तार कुणाच्या आहे? त्याची फोनवही मात्र साधी मजकुराची फाइल आहे. ट्रॅक्टरवाले, जिनिंगचे काटेवाले, फवारणीचं औषध देणारे, सगळे मी तिच्यात भरले आणि दोन अक्षरं दाबून शोधतो. साइडकिकमधला आस्की तक्ता, म्हणजे प्रत्येक अक्षराचा आणि रेघेचा क्रमांक दाखवणारी यादी, मात्र पावतीच्या चौकटी आखायला फार कामी आला. २१८, १९६, १९१ या आकड्यांनी वरची रेघ आणि कोपरे, १७९ नं उभी रेघ, १९२ आणि २१७ नं खालचे कोपरे. डॉट मॅट्रिक्सला १५ क्रमांक पाठवला की अक्षर बारीक होतं, १८ पाठवला की परत मोठं. हे आकडे मला पाठ होते, मधल्या वर्षांत विसरलो होतो. तक्ता उघडला आणि एकेक करून परत आले.

मोबाइलमध्ये हे सगळं आहे, हे मला माहीत आहे. मुलगा लॅपटॉप देऊ करतो. विंडोजमध्ये अगदी १९८५ च्या पहिल्या आवृत्तीतसुद्धा नोटपॅड, कॅल्क्युलेटर आणि कॅलेंडर होते. मी लॅपटॉपवरही दोन आठवडे काम करून पाहिलं. हिशेबाचा प्रोग्रॅम एका खिडकीत, कॅल्क्युलेटर दुसऱ्या खिडकीत, आणि माउस धरायला हात कीबोर्डवरून उचलायचा. एकदा दुसऱ्या खिडकीवर क्लिक झालं आणि आकडा भलतीकडेच टाइप झाला. साइडकिकमध्ये असं होऊच शकत नाही. तो वर आहे तोवर खालचं सगळं थांबलेलं असतं आणि एस्केप दाबला की तो पूर्ण जातो. समोर तीस किलोचं गाठोडं घेऊन उभ्या असलेल्या बाईला यानं मिनिटभरसुद्धा थांबवलं नाही. माझ्या लेखी त्याची किंमत ही आहे. बटणाच्या दोन ठोक्यांत येतो, दोन ठोक्यांत जातो आणि माझं काम जिथं होतं तिथंच मला परत देतो.

ज्यांना असं यंत्र पुन्हा उभं करायचं आहे त्यांना एक सांगतो, पंख्याकडे लक्ष ठेवा. कापसाच्या घरात रुईचा बारीक भुसा हवेत उडतो आणि पॉवर सप्लायच्या जाळीत गच्च बसतो. मी दर अमावास्येला जाळी काढून ब्रशनं साफ करतो, तेवढी तारीख लक्षात राहते म्हणून. वैशाखात यंत्र झाकून माजघरात ठेवायचं, फ्लॉपी धान्याच्या कोठीजवळ गारव्याला. पंचेचाळीस डिग्रीत छपरीत राहिलेल्या दोन फ्लॉपी माझ्या वाकल्या आहेत.

फरदडीचा, म्हणजे हंगामानंतरही राखलेल्या पिकाचा, शेवटचा कापूस फेब्रुवारीत निघाला. चुकारे होळीच्या आधी पूर्ण केले. नोटपॅडच्या फाइलमध्ये तीन ओळी अजून उरल्या आहेत: एका वयनींचे १२० रुपये द्यायचे आहेत, त्या माहेरी गेल्यात. एका मावशींची वही माझ्याकडे राहिली आहे. आणि पुढच्या वर्षी चौथीतली पोर पाचवीत गेली की तिला आकडे वाचण्याऐवजी कीबोर्डवर बसवायचं आहे, तिनं स्वतःच विचारलं आहे.